नऊ नंबरची बरणी

मी आयुष्यात पिपा पाहिलेली नाही. तरी तिच्यापायी मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला नापास झाले, आणि हे मी मान वर करून सांगते. लोक नापास झाल्याचं लपवतात, आजारपण सांगतात, पेपर अवघड होता म्हणतात. मला तसलं काही सांगायचं नाही. परीक्षा सोपी होती आणि माझी तब्येत ठणठणीत होती.

पिपा ही बेडकाची एक जात. दक्षिण अमेरिकेतल्या दाट पावसाळी जंगलांत नद्यांचं पाणी जिथं संथ आणि गढूळ असतं, तिथं ती तळाशी पडून राहते. अंगानं इतकी चपटी, की पाण्यात कुजकं पान पडलंय असं वाटावं. डोकं त्रिकोणी, डोळे टाचणीच्या माथ्याएवढे, तोंडात जीभच नाही. पुढच्या बोटांच्या टोकांना चांदणीसारखे बारीक फाटे असतात, चिखलात खाणं चाचपायला. पण तिचं नाव झालं ते वेगळ्याच कारणानं. मादीची अंडी नर तिच्या पाठीवर दाबून बसवतो. मग पाठीची कातडी फुगून अंड्यांभोवती वर येते आणि प्रत्येक अंड्याला आपापली खोली मिळते. तीनचार महिने ती बाई सगळं बिऱ्हाड पाठीत वागवते, आणि मग एके दिवशी तिच्या पाठीतून एकेक पिल्लू बाहेर पडतं. शेपटीबिपटी काही नाही, थेट तयार बेडूक. उभयचर प्राण्यांतलं अपत्यसंगोपन हा प्रश्न आम्हाला हमखास यायचा आणि त्यात पिपा लिहिली नाही असा विद्यार्थी नसायचा.

आता कुणी म्हणेल, तुमची आईसुद्धा तुम्हाला असंच पाठीवर घेऊन राबली असेल. नाही. माझ्या आईनं मला चारचौघींसारखं कडेवर घेतलं, आणि पाठीचा संबंध आला तो धपाटे घालण्यापुरता. उगाच जुळवाजुळव करून रडायला लावणाऱ्यांतली मी नाही.

आम्ही दौंडचे. आण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन. उन्हात रुळांची खडी सारखी करायची आणि घरी येऊन पायांच्या भेगांत मेण भरायचं, असा त्यांचा दिवस. आमच्या बौद्ध गल्लीत तोवर बारावीच्या पुढं कुणी मुलगी गेली नव्हती. दौंडला माझा नंबर लागला नाही म्हणून मी शिरूरला मावशीकडे राहून कॉलेज केलं. एस.टी. डेपोच्या मागं तिची दोन खोल्यांची जागा होती. माझं शिक्षण चाललं होतं ते सरकारी शिष्यवृत्तीवर, आणि नापास झाल्यावर ती बंद होते हे घरातल्या धाकट्या भावालाही पाठ होतं. शिवाय प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागायचं. लेखी पेपरात कितीही गुण पडू देत, प्रात्यक्षिक बुडालं की पदवी बुडाली. आण्णांनी शेवटच्या वर्षाला मला एवढंच सांगितलं होतं, "हे एक वरीस नीट काढ, म्हंजी सुटलो."

कॉलेज कोणतं ते सांगत नाही. गोष्ट नव्वदचं दशक सरत आलं तेव्हाची आहे आणि त्या वेळी आजूबाजूच्या कॉलेजांत याहून फार निराळं काही चालत असेल असं मला वाटत नाही.

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत भिंतीला लागून लाकडी कपाटं होती आणि त्यांत काचेच्या बरण्या. बरण्यांत फॉर्मलिन आणि फॉर्मलिनमध्ये प्राणी. प्रात्यक्षिक परीक्षेला यांतल्या दहा-बारा बरण्या टेबलांवर ओळीनं मांडायच्या, लेबलावर कागदाची पट्टी चिकटवायची आणि शेजारी आकडा ठेवायचा. घंटा वाजली की एका बरणीपुढून दुसऱ्या बरणीपुढं सरकायचं. दोन-तीन मिनिटांत प्राणी ओळखून त्याचं नाव, वर्गीकरण आणि दोन ओळी माहिती लिहायची. याला आम्ही स्पॉटिंग म्हणायचो.

आता प्राणी ओळखायचा तर प्राणी बघायला हवा. ते कोण करतो! वरच्या वर्गातली मुलं जाताना खालच्यांना एक यादी देऊन जायची. त्या यादीत प्राण्याचं वर्णन नसायचं, बरणीचं असायचं. लाखेनं बंद केलेलं झाकण, म्हणजे अमुक मासा. पाणी चहासारखं झालेलं, म्हणजे तमुक साप. तळाला कापूस, म्हणजे समुद्रगोगलगाय. कपाटात लावलेले जुने आकडेही यादीत असायचे. नऊ नंबरची बरणी, काठाला टवका उडालेली, लाल दोरा बांधलेली, ती पिपा. यादी पाठ केली की स्पॉटिंगचे गुण खिशात. एखाद्या वर्षी मामांनी बरण्यांतले प्राणी आपसांत बदलले असते तर सगळ्या वर्गानं बेडकाला साप म्हटलं असतं. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर. कॉलेजातले सगळे शिपाई सगळ्यांचेच मामा असायचे, पण हे मामा खरोखरच मामासारखे वागायचे. डबा आणला नसेल त्या पोरीला स्वतःच्या भाकरीतली अर्धी द्यायचे.

मीही यादी पाठ केली होती. मी काही आभाळातून पडले नव्हते. पण लायब्ररीत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, कुणीच न नेलेलं. ते चाळताना त्यात पिपाचा पानभर मोठा रंगीत फोटो निघाला. मी बघतच राहिले. रिकामी गोणी पसरलेली असावी तसं ते चपटं अंग, ते चांदण्यांचे हात. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन नऊ नंबरची बरणी पाहिली. बरणीतला प्राणी चपटा होता खरा, पण त्याचे डोळे मोठाले, बटबटीत. बोटं साधी, निमुळती. पायांना पडदे होते तेवढे जुळत होते.

मी सरांना विचारलं. आमचे सर शिकवायला वाईट नव्हते. फळ्यावर हृदयाची आकृती न पुसता एका दमात काढायचे. पण प्रश्न विचारलेला त्यांना आवडायचा नाही. "फॉर्मलिनमध्ये नमुना फुगतो," ते म्हणाले.

"पण सर, बोटांचे फाटे कुठं गेले?"

"झडले."

"आणि डोळे?"

वर्ग हसला. सरांनी डस्टर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुला शिष्यवृत्ती मिळते ना? मग गुण मिळतील असं बघ. संशोधन करायला बाकीचे आहेत."

बाकीचे म्हणजे कोण ते त्यांनी सांगितलं नाही, आणि वर्गात ते कुणाला सांगावंही लागलं नाही. मी खाली बसले. माझे कान तापले होते. आजही लिहिताना तापलेत.

परीक्षेच्या आठवडाभर आधी बरण्यांत नवं फॉर्मलिन भरायचं काम असायचं. मामांना मदत करायला मी दुपारची थांबले. डोळे चुरचुरत होते, नाकाला ओढणी बांधली होती. नऊ नंबर हातात आली तेव्हा मी ती खिडकीशी नेली आणि पहिल्यांदाच पाठीकडून नीट पाहिली. खड्ड्याखड्ड्यांत पांढरट गोल अंडी. प्रत्येक अंड्याच्या एका टोकाला बारीक काळा ठिपका. आमच्या सगळ्यांच्या जर्नलांत त्या ठिपक्याला बाण काढून "एम्ब्रियो" असं लिहिलेलं असायचं आणि सरांची त्याखाली सही असायची. एक अंडं निसटून तळाला पडलं होतं. बरणी तिरकी केली तसं ते घरंगळत काचेला येऊन टेकलं. मावशीकडे रोज सकाळी दळणाचा डबा निवडायचं काम माझ्याकडेच होतं. मला दुसरं पुस्तक उघडावं लागलं नाही.

"मामा, ही ज्वारी हाय."

मामांनी हातातली बाटली खाली ठेवली. दार लोटून घेतलं. "लई बारीक बघू नको पोरी, डोळं जातील."

"मामा."

"व्हय, हाय. मालदांडी हाय, घरची." ते स्टुलावर बसले. "खरी व्हती ती कवाच गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत झाकान ढिलं ऱ्हायलं आन् पानी उडून गेलं. जूनमधी येऊन बघतो तर आत खारकंवानी वाळून बसल्याली. मेमो निघला आसता मला. मग घोडनदीच्या कडंला गेलो, एक दांडगा बेडूक धरला. तुमच्या जर्नलांच्या गठ्ठ्याखाली दोन दिस दाबला. ह्यो भिताडावरचा तक्ता बघून बघून दाभनानं भोकं पाडली, आन् ज्वारी बसवली एकेक."

मला हसू फुटलं. आवरेचना. काय माणूस! तक्ता बघून, एकेक दाणा, ठिपका बाहेरच्या बाजूला येईल असा बसवलेला. मामाही हसायला लागले, मग एकदम थांबले.

"कुणाच्याच लक्षात आलं न्हाई?" मी विचारलं.

"आठ बॅचा गेल्या. सर तर रोज बघत्यात." त्यांनी लाल दोऱ्याची गाठ घट्ट केली. "त्यांनी बी बरनीच पाठ केलीया."

मग मी तो बेडूक उलटा करून पाहिला. गळ्याच्या दोन्ही बाजूंना आवाजाच्या पिशव्यांच्या सुरकुत्या होत्या. म्हणजे नर. ज्याला आठ वर्षं सगळ्यांनी माता म्हणून मार्क मिळवले, तो आमच्या घोडनदीचा बाप्या गडी होता.

"सांगणार हाईस का तू?" मामांनी विचारलं. त्यांना निवृत्त व्हायला दीड वर्ष राहिलं होतं.

"सांगत हिंडणार न्हाई मामा. पर मला इचारलं तर खोटं लिहिणार न्हाई."

"परीक्षेत इचारत्यातच की गं," ते म्हणाले आणि फॉर्मलिन भरायला लागले.

पुढचे आठ दिवस मी स्वतःशी भांडत होते. चार गुणांची बरणी. एक शब्द लिहायचा, पिपा, आणि पुढं सरकायचं. सगळे तेच करणार. मामांचंही भलं, माझंही भलं. यात कुणाचं काय जातंय? पण मला राग आला होता, आणि तो मामांचा नव्हता. पावसाळ्यात अख्ख्या गावाची झोप उडवणारा दांडगा नर, त्याला दाबून चपटा केला, पाठीत भोकं पाडली आणि परक्या बाईचं नाव लावून बसवला. आठ वर्षं त्याच्याकडे बघून शिरूरच्या, दौंडच्या, न्हावऱ्याच्या एकाही पोराला वाटलं नाही, की अरे, हा तर आपला. ज्वारी खाऊन मोठी झालेली पोरं ज्वारीला अंडं म्हणत होती. आणि मला आणखी एक गोष्ट टोचत होती. पहिल्या वर्षाला हजेरीत माझं आडनाव ऐकल्यावर शेजारच्या मुलीनं "म्हणजे तुम्ही नक्की कोण?" असं खोदून विचारलं होतं, आणि मी काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेली होती. ती वेळ गेली पण ते उत्तर माझ्या घशातून उतरलं नाही. पुन्हा तसलं गुळमुळीत काही द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं.

परीक्षेला नऊ नंबर टेबलावर होतीच. घंटा वाजली, मी तिच्यापुढं आले. पुढच्यानं मान वर न करता "पिपा" लिहून टाकली होती, मागचा यादी पुटपुटत होता. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, की हा आपल्याकडचा मोठा बेडूक आहे, नर आहे, कारण गळ्याला आवाजाच्या पिशव्या आहेत. याचे डोळे मोठे आहेत, बोटांना फाटे नाहीत, म्हणून हा पिपा असू शकत नाही. पाठीवर आहेत ती अंडी नसून ज्वारीचे दाणे आहेत. खाली वर्गीकरण लिहिलं, खऱ्या प्राण्याचं. अक्षर चांगलं आलं.

दुपारी तोंडी परीक्षेला मला बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी बोलावलं तेव्हा त्यांच्यापुढं माझा कागद होता. साठीकडे झुकलेल्या, चष्मा गळ्यात अडकवलेल्या बाई. शेजारी सर बसले होते.

"हे काय लिहिलंयस?"

"जे आहे ते लिहिलंय, मॅडम."

"मॅडम, ही जरा आगाऊ आहे," सर म्हणाले.

बाईंनी बरणी मागवली. चष्मा लावून बराच वेळ पाहिली. "डोळे मोठे आहेत खरे," त्या म्हणाल्या. "पण ही ज्वारीच आहे कशावरून?"

"घरी रोज निवडते मी."

"ते इथं चालत नाही. सिद्ध कर."

मला तेवढंच हवं होतं. मी म्हटलं, "मामा, वनस्पतीशास्त्रातनं आयोडीन आणता का?"

पिठूळ पदार्थावर आयोडीन टाकलं की निळंकाळं होतं हे आम्ही आठवीत शिकलो होतो. मामा दाराशी उभे होते. त्यांना म्हणता आलं असतं, की आयोडीन संपलंय, कपाटाची चावी नाही, तिथले सर रजेवर आहेत. कुणी तपासायला गेलं नसतं. ते माझ्याकडे एकदा बघून गेले आणि बाटली घेऊन आले. स्वतःच्या हातानं माझ्यापुढं ठेवली.

"नमुन्याची बरणी उघडता येणार नाही," सर म्हणाले. तोवर मी लाल दोरा सोडला होता. चिमट्यानं तळातला दाणा काढला, पाण्यात धुतला, काचपट्टीवर चेंगरला आणि वर एक थेंब टाकला. दाणा निळा झाला, मग काळा.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. सर खिडकीकडे बघत राहिले.

"बरोबर आहे तुझं," बाई हळू म्हणाल्या. मला वाटलं, जिंकले. त्या पुढं म्हणाल्या, "पण माझ्याकडे जी यादी आली आहे तिच्यात नऊला पिपा आहे. यादीवर सह्या झाल्यात. तुला गुण दिले तर बाकी बावीस जणांचे कापावे लागतील."

"मग कापा."

"असं नसतं गं," त्या म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या. दमलेल्या होत्या आणि त्यांना संध्याकाळच्या आत पुण्याला परतायचं होतं.

तेवढ्यात मामा पुढं आले. "मॅडम, म्या केलंय हे. जी काय शिक्षा आसंल ती मला द्या. माझ्यापायी पोरीचं मार्क कापू नगा."

"मामा," सर म्हणाले, "तुम्ही चहाचं बघा."

मामा उभेच राहिले. सरांनी पुन्हा तेच, जरा मोठ्यानं सांगितलं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मामांना काहीही होणार नव्हतं. मामांना शिक्षा करायची तर बरणी खोटी होती हे कागदावर यायला हवं, आणि ते कुणालाच नको होतं. आठ दिवस मी ज्या माणसाच्या काळजीनं झुरत होते त्याची नोकरी पक्की होती. कच्चं होतं ते फक्त माझं.

बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला, वर पेन ठेवलं. "खाली पिपा एवढं लिही. बाकीचं मी बघते. तुझंच वर्ष आहे."

मी पेनाला हात लावला नाही. "मॅडम, तुम्हाला दिसतंय ना?" मी म्हटलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुढच्या मुलाला बोलवायला सांगितलं.

प्रात्यक्षिकात मी तीन गुणांनी नापास झाले. बरणीचे चार गेले होते आणि तोंडीत आगाऊपणाचे आणखी काही. शिष्यवृत्ती बंद झाली. निकाल घेऊन मी चौफुल्यावरून एस.टी. बदलून दौंडला गेले. आण्णा ओट्यावर पाय धूत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं.

"बरनीत काय व्हतं?" त्यांनी विचारलं.

"बेडूक. आपला, हितला."

"आन् तू काय लिवलं?"

"आपला बेडूक हाय म्हणून लिवलं."

"मग नापास कशी काय?"

मी त्यांना सगळं सांगितलं, यादी, सह्या, बावीस जण. आई आत भांडी आपटत होती, ती रागावली होती आणि तिचा राग खोटा नव्हता. गल्लीतल्या पोरींतली पहिली पदवी तिनं मनात फ्रेम करून भिंतीला लावून टाकली होती. आण्णांनी टॉवेलनं पाय पुसले. "पुन्यांदा बस," ते म्हणाले. "पर खर्चाचं तुझं तू बघ. माझ्याच्यानं न्हाई व्हनार."

मी कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले. शिरूरहून सकाळची एस.टी., दिवसभर उभं राहून खोक्यांना चिकटपट्ट्या, संध्याकाळी परत. शेजारच्या जागेवर उत्तर प्रदेशातून नवऱ्याबरोबर आलेली एक बाई होती. मी तोंडातल्या तोंडात वर्गीकरणं म्हणायचे. ती विचारायची, "दिनभर क्या रटती रहती हो?" मी सांगायचे, "मेंढक." तिनं शिफ्टमधल्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की ह्या पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. होऊ दे. मला त्या वर्षी कुणाच्याही मताची पर्वा उरली नव्हती.

सुट्टीच्या दिवशी मी प्रयोगशाळेत जायचे. मामा बरण्यांची झाकणं बदलून, दोरे काढून, लेबलं झाकून त्या माझ्यापुढं मांडायचे. यादी माझ्या कामाची राहिली नव्हती. मी माशांचे पर मोजले, खवले पाहिले, दातांची ठेवण पाहिली. पहिल्यांदा चुकायचे, मामा मान हलवायचे. त्यांना इंग्रजी नावं येत नव्हती, पण कुठल्या बरणीत कोण आहे हे त्यांना माहीत होतं. पुढं पुढं त्यांनी दोन बरण्यांतले प्राणी आपसांत बदलले तरी मी फसेना.

परीक्षा जवळ आली तेव्हा एकदा ते म्हणाले, "ह्या खेपंला नऊ नंबर फुटली तर? माझ्या हातनं निसटंल कवातरी. म्हातारा झालोय."

ते कशासाठी विचारत होते मला कळलं. बरणीच नसली तर मला काही लिहावंच लागणार नव्हतं. त्यांचा जीव माझ्यासाठी तुटत होता, आणि तरी मला राग आला.

"मामा, त्या बरणीला हात लावायचा न्हाई. ती तिथंच पायजे मला."

"आगं पर पुन्ना चार मार्क..."

"जाऊ द्या चार. बाकीचं एक बी जाऊ देत न्हाई."

परीक्षेला बरणी तिथंच होती. त्याच टेबलावर, त्याच आकड्यापुढं, नव्या लाल दोऱ्यात. तळातला दाणा वर्षापूर्वी मी काढला होता, पण पाठीतला आणखी एक निसटून तिथं पडला होता. या वेळचे परीक्षक कोणी दुसरेच होते, त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. मी लिहायला लागले तसं मागच्या मुलीनं, बिचारीनं चांगल्या मनानं, कुजबुजून सांगितलं, "ताई, पिपा आहे ते. टवका बघ ना." मी तिला हातानं गप्प केलं. गेल्या वर्षीपेक्षा दोन ओळी जास्तच लिहिल्या. नर, घोडनदी, ज्वारी, मालदांडी. वर्षभरात माझं इंग्रजी सुधारलं होतं.

मी पास झाले. प्रात्यक्षिकात वर्गात सगळ्यांत जास्त गुण माझे होते, ते चार सोडून. कॉलेजात गुणपत्रिका घ्यायला गेले तेव्हा सरांनी ती माझ्या हातात देण्याआधी नीट वाचली. बेरजेवर बोट ठेवलं. पहिला वर्ग तीन गुणांनी हुकला होता.

"बघ," ते म्हणाले. रागानं नाही, त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "एक शब्द लिहिला असतास तर फर्स्ट क्लास होता. एकच शब्द."

"माहीत आहे, सर," मी म्हणाले. "तो लिहायला लागू नये म्हणूनच बाकीचे सगळे गुण मिळवले."